अपुऱ्या दिवसांच्या बाळाला रुग्णालयात असतानाच मालिश करावी का?

प्रश्न : नाशिकचा_बाबा

नमस्कार. आमचा मुलगा ३१व्या आठवड्यात जन्मला. जन्माच्या वेळी त्याचे वजन १३१० ग्रॅम होते. सुरुवातीला श्वासासाठी त्याला सीपॅपचा, म्हणजे नाकावाटे दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा, आधार द्यावा लागला आणि कावीळही झाली होती. आता तो तीन आठवड्यांचा आहे. ऑक्सिजन निघाला आहे, दूध अजून नळीनेच जाते आणि दिवसातून दोनदा वाटी-चमच्याने पाजून पाहतात. वजन १४९० ग्रॅमपर्यंत आले आहे. पत्नी दुपार व संध्याकाळ मिळून साधारण चार तास त्याला कांगारू पद्धतीने, म्हणजे त्वचेला त्वचा लागेल असे, छातीशी धरते.

कक्षातील मुख्य सिस्टरांनी मागच्या आठवड्यात सांगितले की प्रकृती स्थिरावलेल्या बाळांच्या आयांना इथे मालिश शिकवतात, ती दिवसातून तीन वेळा पंधरा-पंधरा मिनिटे करायची असते आणि तिच्यामुळे वजन लवकर वाढते. त्याच दिवशी फेरीवर आलेले डॉक्टर मात्र म्हणाले, "त्याची घाई नको, त्याला फारसा पुरावा नाही. त्यापेक्षा कांगारूचे तास वाढवा." दोघांनाही आमच्या बाळाची काळजी आहे हे आम्हाला रोज दिसते, त्यामुळे कोण बरोबर आणि कोण चूक हे मला ठरवायचे नाही. या मतभेदामागे नेमके काय आहे तेवढे समजून घ्यायचे आहे.

घरची बाजू आणखी वेगळी आहे. सासूबाईंनी घाण्यावरचे खोबरेल तेल आणून ठेवले आहे आणि ज्यांनी माझ्या पत्नीला लहानपणी न्हाऊ-माखू घातले त्या मालिशवाल्या मावशींनाही निरोप दिला आहे. इतके दिवस बाळाच्या अंगाला तेलाचा थेंब लागला नाही, याचे त्यांना फार वाईट वाटते. त्यांना 'डॉक्टर नको म्हणतात' एवढेच उत्तर देऊन गप्प करणे मला योग्य वाटत नाही.

कांगारू पद्धतीने जे मिळते त्यापलीकडे मालिशीने काही मिळते का, वजनाची गोष्ट खरी असेल तर ती किती खरी आहे, तेल लावायचे झाल्यास कोणते लावावे आणि हे सगळे कोणाच्या हातून व्हावे, याबद्दल या क्षेत्रातील किंवा अनुभवातून गेलेल्या मंडळींनी लिहिल्यास आभारी राहीन.

उत्तर : नवजात_वैद्य

रुग्णालयातील मालिशीबद्दल ज्या अभ्यासाचा दाखला सर्वांत जास्त वेळा दिला जातो, त्यातील बाळे जवळपास तुमच्या मुलासारखीच होती. अमेरिकेतील मायामी विद्यापीठात टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ४० बाळे होती. त्यांचे सरासरी गर्भवय ३१ आठवडे आणि जन्मवजन १२८० ग्रॅम होते, आणि अभ्यासात येण्यापूर्वी ती सरासरी २० दिवस अतिदक्षता विभागात राहिलेली होती. म्हणजे जिवावरचे संकट टळलेली आणि आता मुख्यतः वजनासाठी थांबलेली ही बाळे होती. त्यांतील निम्म्यांना दहा दिवस, दिवसातून तीन वेळा, पंधरा मिनिटे मालिश देण्यात आली. दोन्ही गटांच्या पोटात दूध सारखेच गेले, तरीही मालिश झालेल्या बाळांचे वजन दिवसाला सरासरी २५ ग्रॅमने वाढले आणि उरलेल्यांचे १७ ग्रॅमने. पहिल्या गटातील बाळे सुमारे सहा दिवस आधी घरी गेली. '४७ टक्के अधिक वाढ' हा जो आकडा पालकांना ठिकठिकाणी वाचायला मिळतो, तो या अभ्यासातला आहे.

मात्र 'मालिश' हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांपुढे पाटावर बसून पाय पसरलेल्या, बाळाला नडगीवर घेऊन रगडणाऱ्या मावशी येतात, आणि या अभ्यासातली मालिश तशी मुळीच नव्हती. पहिली पाच मिनिटे बाळाला पालथे ठेवून डोके, मान व खांदे, पाठ, पाय आणि हात यांवरून प्रत्येकी एक मिनिट तळहात फिरवायचा. दुसरी पाच मिनिटे उताणे ठेवून हातपाय हळूच दुमडायचे आणि सरळ करायचे. शेवटची पाच मिनिटे पुन्हा पहिल्यासारखी. एक हात फिरवायला सुमारे पाच सेकंद लागावेत इतकी ती सावकाश होती. तेलाशी तिचा संबंध नव्हता. महत्त्व होते ते दाबाला. याच गटाने पुढे केलेल्या अभ्यासांत असे दिसले की मध्यम दाबाने वजन वाढते आणि अगदी हलक्या, पिसासारख्या स्पर्शाने ते तसे वाढत नाही. हलका स्पर्श पुष्कळ बाळांना गुदगुल्यांसारखा वाटतो आणि ती अंग चोरतात.

दाबाने वजन का वाढावे, याचे बऱ्यापैकी पटणारे उत्तर आहे. मध्यम दाबाच्या मालिशीनंतर मेंदूतून निघून हृदय व जठरापर्यंत जाणाऱ्या व्हेगस चेतातंतूची क्रिया वाढलेली आणि जठराची हालचाल सुधारलेली आढळली; रक्तातील इन्सुलिन आणि वाढीशी संबंधित आयजीएफ-१ या घटकाचे प्रमाणही वाढलेले दिसले. त्याच्या आधी ड्यूक विद्यापीठात सॉल शॅनबर्ग उंदरांच्या पिलांवर काम करत होते. आईपासून दूर केलेल्या पिलांच्या शरीरातील वाढीचे संप्रेरक घसरत होते, पण आई चाटते त्या पद्धतीने त्यांच्या अंगावरून ओला ब्रश जोर लावून फिरवला की ते पूर्ववत होत होते. आईची ऊब किंवा वास यांनी ते काम झाले नव्हते. मानवी बाळांना हे जसेच्या तसे लागू करता येत नाही, पण फील्ड यांच्या कामाला दिशा इथून मिळाली.

आता आपल्याकडचे पाहू. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात याच धर्तीवर झालेला अभ्यास २००१ साली 'इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स' या बालरोगांवरील नियतकालिकात आला. तेथील नवजात विभाग नवजात बाळांच्या तज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी घडवलेला आहे. १००० ते २००० ग्रॅम वजनाच्या ४८ बाळांमध्ये मालिश झालेल्यांचे वजन इतरांपेक्षा सुमारे २२ टक्के अधिक वेगाने, म्हणजे दिवसाला चारएक ग्रॅम जास्त, वाढले. मायामीपेक्षा हा आकडा लहान आहे आणि मला तो अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण आपल्या सार्वजनिक रुग्णालयाच्या गर्दीत, आपल्याच बाळांमध्ये तो मिळालेला आहे.

तुमच्या डॉक्टरांचा 'पुरावा नाही' हा शब्द थोडा कडक आहे, पण निराधार नाही. वैद्यकीय अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय गटाने २००४ साली तोवरचे सर्व अभ्यास एकत्र तपासले. त्यांतून दिवसाला सुमारे ५ ग्रॅम जास्त वाढ आणि साडेचार दिवस कमी मुक्काम असा हिशोब निघाला, आणि तरीही त्यांचा निष्कर्ष असा होता की अभ्यासांची गुणवत्ता पाहता, विशेषतः बाळाच्या विकासावरील परिणामांबाबतचा पुरावा दुबळा असल्यामुळे, ही पद्धत सरसकट सगळीकडे सुरू करण्याची शिफारस करता येत नाही. म्हणजे सिस्टर वजनाच्या तक्त्याकडे पाहून बोलत आहेत आणि डॉक्टर तुमच्या पत्नीच्या चार तासांकडे पाहून. त्या चार तासांवर कशाचा पहिला हक्क आहे, हाच खरा प्रश्न आहे, आणि त्यात मी डॉक्टरांच्या बाजूने आहे.

एक वैद्यकीय अट मात्र कोणत्याही मतभेदापलीकडची आहे. जन्मानंतरचे पहिले तीन दिवस बाळाला शक्य तितके कमी हाताळायचे असते, कारण त्या काळात मेंदूतील नाजूक रक्तवाहिन्यांतून रक्तस्राव होण्याचा धोका सर्वाधिक असतो. त्यानंतरही श्वास मध्येच थांबत असेल, नाडी मंदावत असेल, जंतुसंसर्ग किंवा पोटफुगी असेल, त्वचा सोललेली असेल, तर मालिशीचा विचारही करू नये. तुमचे बाळ या यादीतून बाहेर पडलेले दिसते, पण त्याच्यावर उपचार करणाऱ्यांनी तसे स्पष्टपणे सांगायला हवे.

उत्तर : एसएनसीयू_सिस्टर

मी जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात बरीच वर्षे काम करते आणि आयांना हे शिकवणे माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. डॉक्टरसाहेबांनी जे लिहिले ते खाटेशेजारी कसे दिसते, एवढेच सांगते.

सुरुवात हातांपासून होते. अंगठी, घड्याळ आणि बांगड्या काढून, नखे कापून, कोपरापर्यंत हात साबणाने धुतल्याशिवाय मी कोणालाही बाळाजवळ जाऊ देत नाही. बाळंतिणीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढायला घरच्या मोठ्या बायका तयार नसतात आणि त्यावरून कुरबुर होते. अशा वेळी मी शांतपणे सांगते की बांगडीच्या आत साबण पोहोचत नाही आणि या बाळाला होणारा जंतुसंसर्ग आठवड्याभरात कमावलेले वजन दोन दिवसांत घालवतो. बहुतेकींना ते पटते. त्या बांगड्या स्वच्छ रुमालात बांधून सासूबाईंकडे द्यायला सांगितले की अवघडलेपणही राहत नाही.

वेळ निवडावी ती दोन दुधांच्या मधली. दूध दिल्यावर निदान पाऊण तास तरी गेलेला असावा, नाहीतर पालथे करताच दूध वर येते. बाळ गाढ झोपेत असेल तर मालिशीसाठी उठवू नये, कारण या वयात झोपेतच त्याची वाढ होत असते. कक्ष गरम हवा, बाळ वॉर्मरखाली, म्हणजे वरून ऊब देणाऱ्या यंत्राखाली, हवे आणि एका वेळी एकच भाग उघडा हवा. काखेतले तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांच्या दरम्यान असेल तरच सुरू करावे. थंड पडलेले बाळ अंग तापवण्यातच आपली शक्ती खर्च करते, आणि मग ज्या वजनासाठी हा खटाटोप करायचा तेच खाली येते.

पहिल्या दिवशी मी आईला मालिश करायला लावतच नाही. एक तळहात बाळाच्या डोक्यावर आणि दुसरा त्याच्या दुमडलेल्या पायांवर नुसता ठेवायला सांगते, न हलवता. पुष्कळ आयांना आपल्या बाळाला हात लावायचीच भीती वाटत असते, कारण काचेच्या पेटीत त्यांनी त्याला सुया आणि नळ्यांसह पाहिलेले असते. बाळाच्या बाजूनेही तेच असते. आजवर झालेला बहुतेक प्रत्येक स्पर्श टाचेला सुई टोचण्यासाठी, चिकटपट्टी काढण्यासाठी किंवा नळी बदलण्यासाठी झालेला असतो, त्यामुळे हात जवळ आला की काही बाळे आधीच आक्रसतात. दुखवून न जाणारा हातही असतो, हे त्यांना कळायला एकदोन दिवस द्यावे लागतात.

मालिश सुरू केल्यावर डोळे बाळाच्या चेहऱ्यावर हवेत. घड्याळाकडे नंतर पाहता येते. बोटे पंख्यासारखी फाकणे, कपाळाला आठ्या, एकामागून एक जांभया, उचकी, तोंड दुसरीकडे फिरवणे, पाठीची कमान करणे आणि रंग फिकट किंवा चट्ट्यांचा होणे या बाळाच्या 'पुरे' म्हणण्याच्या खुणा आहेत. असे दिसले की हात उचलायचा नाही, नुसता स्थिर ठेवायचा. अर्ध्या-एक मिनिटात बाळ सावरले तर पुढे जायचे, नाहीतर त्या वेळेपुरते थांबायचे. मॉनिटरवर ऑक्सिजन किंवा नाडी घसरली तर लगेच थांबून आम्हाला हाक मारायची. पंधरा मिनिटे हा मोठ्यात मोठा पल्ला आहे. सात मिनिटांत थांबलेल्या आईचे काही कमी झाले असे मी मानत नाही.

पोटावर दाब द्यायचा नाही आणि सलाईनच्या सुईचा हात तसाच ठेवायचा. हातपाय वाकवताना ते सहज जातील तेवढेच न्यावेत, ओढून ताणू नयेत. पालथे ठेवणे हे फक्त मॉनिटर लावलेला असताना आणि कोणी समोर असतानाच. घरी बाळाला झोपवायचे ते उताणेच, हे मी प्रत्येक आईला घरी जातानाही पुन्हा सांगते.

उत्तर : आकडे_तपासणारा

मी वैद्यकीय संशोधनाच्या आकडेवारीचे काम करतो, त्यामुळे थोडी शंकेखोर बाजू मांडतो.

या अभ्यासांचा मुख्य दोष असा की मालिश झाकता येत नाही. औषधाच्या अभ्यासात खोटी गोळी देता येते, पण कोणत्या बाळाला मालिश होते आहे हे वजन करणाऱ्याला आणि घरी सोडण्याचा निर्णय घेणाऱ्यालाही बहुतेक वेळा माहीत असते. 'सहा दिवस आधी घरी' हे मोजमाप त्यामुळे फार सैल आहे, कारण सोडण्याचा दिवस वजनाखेरीज आईचा आत्मविश्वास, कक्षातील गर्दी आणि डॉक्टरांचा कल यांवरही ठरतो. शिवाय बहुतेक अभ्यासांत बाळे चाळीस-पन्नास एवढीच असतात. दिल्लीत साठेक अतिकमी वजनाच्या बाळांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेलाने मालिश, तेलाविना मालिश आणि मालिश नाही असे तीन गट होते. तेलाच्या गटाचे वजन इतरांपेक्षा जास्त वाढलेले दिसले, पण तो फरक योगायोगाने पडला नसेल असे म्हणण्याइतका ठोस नव्हता. शीवचा होकार आणि दिल्लीचा 'सांगता येत नाही' हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

तेलाचा प्रश्न मात्र मालिशीपासून वेगळा काढून पाहायला हवा, आणि माझ्या मते तो अधिक रंजक आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या त्वचेचा वरचा थर पुरता तयार झालेला नसतो. त्यातून पाणी आणि ऊब बाहेर जाते आणि जंतू आत शिरतात. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात ३३ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांच्या अंगाला सूर्यफुलाचे तेल हलकेच लावले गेले, तेव्हा रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तीन वर्षांनी त्याच संशोधकांनी मृत्यूही २६ टक्क्यांनी घटल्याचे मांडले. तिथे मालिश नव्हती, नुसते तेल लावणे होते. उलट अमेरिकेत १००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांना पेट्रोलियमवर आधारित मलम लावल्यावर त्वचा सुधारली, पण सर्वांत लहान बाळांमध्ये जंतुसंसर्ग वाढलेले दिसले. म्हणजे बाळाचे वजन किती, कक्ष कसा आणि लावले काय, यावर उत्तर फिरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या शिफारशींत अशा बाळांच्या अंगाला तेल लावण्याचा 'विचार करता येईल' एवढेच म्हटले आहे. कांगारू पद्धतीबद्दल तिची भाषा याहून कितीतरी ठाम आहे.

खोबरेलच्या बाजूनेही महाराष्ट्रातलेच पुरावे आहेत. शीवच्याच रुग्णालयात खोबरेल तेलाची खनिज तेलाशी तुलना झाली आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खोबरेलने अधिक वेगाने वाढले. पुण्याच्या केईएम रुग्णालयात करडईचे आणि खोबरेल तेल पाच दिवस लावून बाळांचे रक्त तपासले गेले, तेव्हा करडईच्या गटात आवश्यक मेदाम्लांचे आणि खोबरेलच्या गटात संपृक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढलेले आढळले. दोन्ही अभ्यास २००५ चे आहेत. तेल त्वचेतून आत जाते, हा सासूबाईंचा दावा प्रयोगशाळेत टिकलेला आहे, असे त्यांना खुशाल सांगावे. मोहरीचे तेल मात्र नको, ते त्वचेची संरक्षक क्षमता बिघडवते.

नाशिकचा_बाबा

सर्वांचे मनापासून आभार. सिस्टरताईंनी सांगितलेल्या खुणा पत्नीला वाचून दाखवल्या, तेव्हा तिला बाळाच्या उचक्यांचा अर्थ प्रथमच कळला. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. पत्नीला अजून टाक्यांचा त्रास आहे आणि ती दिवसातून फार तर पाच-सहा तास बसू शकते. अशा वेळी कांगारू कमी करून मालिश करावी, की मालिश सोडून द्यावी, की ती मी करू? दुसरे म्हणजे, घरी आल्यावर मालिशवाल्या मावशींना बोलवायचे की नाही?

उत्तर : जुळ्यांची_आई_सातारा

माझी जुळी मुले ३२व्या आठवड्यात झाली आणि आता शाळेत जातात. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर अनुभवाचे लिहिते.

आमच्या रुग्णालयात मालिश शिकवण्याची पद्धत नव्हती, नुसते 'हात लावू नका' एवढेच सांगितले जायचे आणि कारण विचारले की कोणाला वेळ नसायचा. त्यामुळे घरी आल्यावर सगळा ताबा आमच्याकडच्या मावशींनी घेतला. त्यांचा हात मुरलेला आणि मायेचा होता, यात शंका नाही. पण त्यांची रीत पूर्ण दिवसांच्या, तीन किलोंच्या बाळांवर घडलेली होती. हात आणि विरुद्ध बाजूचा पाय एकमेकांवर आणून ओढणे, पाय धरून उलटे करणे, नाक वर यावे म्हणून चिमटीत धरणे, नाकाकानांत तेलाचे थेंब सोडणे, अंघोळीनंतर शेक आणि वावडिंगाची धुरी, असे सगळे त्यात आले. माझ्या सासूबाईंनी त्यांना वाईट वाटू न देता सांगितले की डॉक्टरांचे कागद पुरे होईपर्यंत तुम्ही बाळंतिणीच्या अंगाला लावा आणि बाळांना आईच लावेल. मावशींची रोजी बुडाली नाही, माझी पाठ सुटली, आणि मुलांच्या बाबतीत त्या शेजारी बसून 'तळहात सोडू नको, बोटांनी टोचू नको' एवढे सांगत राहिल्या, जे सिस्टरताईंच्या सांगण्याशी तंतोतंत जुळते.

उत्तर : नवजात_वैद्य

साताऱ्याच्या ताईंनी सांगितलेली सोय मी माझ्या रुग्णांनाही सुचवीन. तिला वैद्यकीय कारणेही आहेत. बाळाच्या हाडांतील बहुतेक कॅल्शियम आणि फॉस्फरस गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत साठते. यातला बहुतेक काळ तुमच्या मुलाला पोटात मिळालाच नाही, त्यामुळे त्याची हाडे ठिसूळ असू शकतात आणि जोरात ओढल्याने ती मोडूही शकतात. नाकात घातलेले तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, आणि तो साध्या प्रतिजैविकांनी लवकर हटत नाही. धूर तर सीपॅपवर राहिलेल्या फुप्फुसांना कोणत्याच वयात नको. टाळूवर तेल हलकेच लावायला हरकत नाही, पण दाबून 'टाळू भरणे' नको. ती तिच्या वेळेने आपोआप भरते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : कांगारूचा एकही तास मालिशीसाठी देऊ नका. २०२१ साली घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत ३२११ बाळांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतातील केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. जन्मल्याबरोबर कांगारू सुरू केलेल्या गटात पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू १२ टक्के होते आणि स्थिरावण्याची वाट पाहणाऱ्या गटात १५.७ टक्के. पहिल्या गटातील बाळे अतिदक्षता विभागात असताना दिवसाला सरासरी जवळपास १७ तास कोणाच्या तरी छातीशी होती. जागतिक आरोग्य संघटना आता ८ ते २४ तास सांगते. मालिशीच्या कोणत्याही अभ्यासाने जीव वाचवल्याचे असे दाखवलेले नाही. तुमचे चार तास आधी आठ करायचे आहेत, आणि पत्नीला बसवत नसेल तर उरलेले तास तुम्ही आणि सासूबाईंनी वाटून घ्यायचे आहेत. वडिलांच्या आणि आजीच्या छातीवरही ऊब मिळते. समोरून उघडणारा सदरा घाला, आणि टेकून झोपता येईल अशी खुर्ची कक्षात मागून घ्या. सासूबाईंची 'अंगाला काही लागले नाही' ही हळहळ अर्धीअधिक इथेच मिटेल, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर, बाळ पेटीत किंवा वॉर्मरवर असेल त्या वेळेत, दिवसातून एकदोनदा मालिश जरूर करा. ती तुम्हीही करू शकता. इस्राएलमध्ये २००२ साली आयांनी केलेल्या आणि प्रशिक्षित व्यक्तींनी केलेल्या मालिशीची तुलना झाली, तेव्हा वजनातील वाढ दोन्हीकडे सारखीच होती. शिकलेला हात पुरतो, तो व्यावसायिकाचाच असावा लागत नाही.

तेलाबद्दल एवढेच, की ते रुग्णालयाने परवानगी दिली तरच लावा. घाण्यावरची उघडी बाटली कक्षात आणू नका. लहान, बंद, फक्त या बाळापुरती बाटली घ्या आणि वाटीत ओतलेले उरले तर परत बाटलीत घालू नका. मॉनिटरचे पॅच आणि नळीची चिकटपट्टी जिथे आहे तिथे तेल गेले तर ती सुटते, म्हणून तेवढी जागा सोडा. लालसर पुरळ आले तर बंद करा. १४९० ग्रॅमच्या बाळाला एका वेळी चहाच्या चमच्याहून कमी तेल पुरते.

आणि बाळाच्या कागदांत डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीची तारीख आहे का, ते पाहून घ्या. ३४ आठवड्यांआधी किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाची पहिली तपासणी जन्मानंतर साधारण चार आठवड्यांनी व्हावी लागते. तुमच्या मुलाची वेळ याच आठवड्यात येते आहे.